घसरगुंडीचा दुसरा आवाज

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडून घेते. हे मी तुला फोनवर सांगितलं नसतं. फोनवर तू मध्येच "हो हो आत्या" म्हणतेस आणि माझे निम्मे मुद्दे गळून जातात. पत्राला मध्येच "हो हो" म्हणता येत नाही.

तर, समोरची घसरगुंडी पुन्हा सुरू झाली आहे.

तू इथे शेवटची कधी आलीस ते तुला आठवत नसेल, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगते. माझ्या खिडकीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे उंच भिंत आणि भिंतीपलीकडे मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक. मोटारींबद्दल मी कधी चकार शब्द काढलेला नाही. मोटारी येतात, गोल गोल फिरतात, एक जिंकते, बाकीच्या हरतात आणि संध्याकाळी सगळ्या घरी जातात. त्यात शिस्त आहे. पण दोन-तीन वर्षांपूर्वी तिथल्या कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की लोकांनी मोटारी नुसत्या बघायच्या कशाला, त्यांच्या बरोबरीने धावावं. म्हणून ट्रॅकच्या कडेने रूळ टाकले, रुळांवर गाडी ठेवली आणि टाकीत कोंडलेल्या हवेच्या जोरावर ती गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सोडायचं ठरलं. शर्यतीच्या मोटारीलाही मागे टाकणारा रोलर कोस्टर, अशी जाहिरात. पहिल्याच चाचणीत टाकी फुटली. गाडी जागची हलली नाही आणि आमच्या इमारतीच्या काचा मात्र खाली रस्त्यावर आल्या. कोणाला खरचटलंसुद्धा नाही ही देवाची कृपा, कंपनीचं त्यात काही कर्तृत्व नाही.

मग बरेच दिवस सगळं बंद होतं. मला वाटलं, शहाणपण सुचलं. पण नाही. गेल्या महिन्यापासून पुन्हा चाचण्या. माणसांच्या जागी पाण्याने भरलेली रबरी बाहुली बसवतात आणि सोडतात. सकाळी दहाला एक फेरी, दुपारी चारला एक. दर वेळी धडाम असा आवाज होतो आणि माझ्या कपाटातल्या बशा एकमेकींच्या कानात काहीतरी सांगतात.

पण माझा मुद्दा पुढेच आहे. आवाज एक नाही, दोन आहेत. आधी तो धडाम. तो विरतो न विरतो तोच मागून दुसरा येतो, खोल, घुमणारा, रिकाम्या पिंपात कोणीतरी कण्हावं तसा. हा दुसरा आवाज पहिल्या वेळी, काचा फुटल्या तेव्हा, नव्हता. मी कंपनीच्या मॅनेजरकडे गेले. बारीक अंगाचा माणूस आहे, टाय मात्र रुंद. तो म्हणाला, "बाई, आवाज एकच आहे. दुसरा तुमचा भास असेल." शाळेत गाणं शिकवताना, चाळीस मुली एकदम गात असल्या तरी, कोणाचा सूर घसरला ते मी पाठमोरी उभी राहून सांगत आले आहे. शाळेच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरसुद्धा माझ्या कानाला वचकून असत. आणि हा टायवाला मला भास शिकवतो.

आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष तळमजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य आहेत. ते सभेत नुसती मान डोलावतात. तक्रारी मला लिहाव्या लागतात, कारण या इमारतीत पूर्ण वाक्य लिहिणारी मी एकटीच. सगळ्या तक्रारींच्या नकला मी लोखंडी पेटीत ठेवते. पेटी आता इतकी जड झाली आहे की दोघांशिवाय उचलत नाही. बसायच्या खोलीत दुसरीकडे जागा नाही म्हणून तिथल्याच पियानोखाली सरकवून दिली. पियानो तसाही बंदच आहे. या गोंधळात कोण वाजवणार. चाचण्या सुरू झाल्या त्या दिवशी झाकण लावलं, ते लावलंच.

तू पंपांच्या कारखान्यात आहेस ना? मग त्या दुसऱ्या आवाजाला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते कळव. तक्रारीत एखादा जडजंबाल शब्द असला की टायवाला घाबरतो.

तुझी, अजून तरी बहिरी न झालेली,
आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचत होते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "घरून कोणी ओरडतंय का?" कागद बघून त्याला कसं कळलं कोण जाणे. तुझी अक्षरंच दात ओठ खाऊन उभी असतात.

जडजंबाल शब्द आत्ता सुचत नाही, पण थोडी माहिती दिलीस तर शोधता येईल. दुसरा आवाज पहिल्यानंतर लगेच येतो की श्वास घेण्याइतका वेळ जातो? थंडीत जास्त येतो का? हिरवी गाडी चढावर पोचायच्या आधी येतो की नंतर? खिडकी बंद असली तरी येतो का? आणि हा मुद्दा महत्त्वाचा: तो आवाज सारखाच असतो, की दिवसेंदिवस वाढतोय?

पंपांमध्येही असे आवाज असतात, म्हणून सहज विचारलं. बाकी काही नाही.

तब्येत सांभाळ. बशा खालच्या फळीवर ठेव.

तुझी,
भिंगरी


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं "बाकी काही नाही" मी तू पाच वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. तेव्हा त्यामागे फुटलेली बरणी असायची.

गाडी हिरवी आहे हे मी तुला कळवलेलं नाही. जाहिरातीत ती लाल आहे, भिंतीवरच्या चित्रात लाल आहे, टायवाल्याच्या टेबलावरच्या खेळण्यातसुद्धा लाल आहे. हिरवा रंग गेल्या महिन्यात भिंतीच्या आत दिला आणि तो तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्या कोणाला दिसत नाही. तू तर चारशे किलोमीटरवर राहतेस.

तेव्हा आता नीट बस आणि नीट लिही. त्या घसरगुंडीशी तुझा काय संबंध?

उत्तर येईपर्यंत तुझ्या प्रश्नांची उत्तरं मिळणार नाहीत.

आत्या


३ मार्च

प्रिय आत्या,

बरणी फुटली आहे.

वर्षभरापूर्वी आमच्या कारखान्याला ते काम मिळालं. जुन्या कंपनीने हात वर केले होते. नव्या टाक्या, नव्या झडपा, गाडी सोडायची नवी रचना, सगळं आमच्याकडे आलं आणि आमच्याकडून माझ्याकडे. ड्रॉइंगवर सही माझी आहे. तू फेब्रुवारीच्या पहिल्या पत्रात ज्याच्या सुपीक डोक्याचा उद्धार केलास तो मी नव्हे, तो आधीचा. पण आता तुझ्या बशा वाजवते ती मीच.

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण काचा फुटल्यापासून दर महिन्याला तुझं एक पत्र यायचं आणि त्यात "हे ज्याने केलं त्याला शाळेच्या मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावीन" असं काहीतरी असायचं. माझे गुडघे तुला माहीत आहेत.

आता खरी गोष्ट. हवा दोन मोठ्या टाक्यांत दाबून भरतात. झडप उघडली की ती हवा गाडीला ढकलते. तुझा धडाम तोच. तो असणारच. त्यानंतर मात्र दुसरा आवाज यायचं काही कारण नाही. आम्ही टाक्यांजवळ आवाज टिपणारी यंत्रं लावली आहेत आणि त्यांना दुसरा आवाज सापडत नाही. टायवाला म्हणतो, नाही. माझे साहेब म्हणतात, नाही. तूच एक म्हणतेस, आहे.

मे महिन्यातल्या मोठ्या शर्यतीला रोलर कोस्टर लोकांसाठी उघडायचा ठरलं आहे. पहिल्या वेळी टाकी फुटली, पुन्हा तसं झालं तर या वेळी गाडीत लोक असतील. यंत्रं म्हणतात सगळं ठीक आहे. पण यंत्रं चाळीस मुलींच्या वर्गात वाढलेली नाहीत. मी तुझ्याकडे गाणं शिकले आहे. मला वाईट शिकवलंस हे खरं, पण माझा सूर घसरला हे तू एकदाही चुकीचं सांगितलं नाहीस.

म्हणून माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. आणि तुझ्या दंतवैद्यांना यातलं काही सांगू नकोस. तुझी भाची शत्रूच्या गोटात आहे हे कळलं तर ते तुला मंडळातून काढतील.

तुझी अपराधी,
भिंगरी


१३ मार्च

प्रिय भिंगरी,

मी दोन दिवस बोलले नाही. कोणाशी बोलले नाही ते विचारू नकोस, घरात मी एकटीच असते.

आधी उत्तरं. दुसरा आवाज लगेच येतो, श्वास घ्यायलाही फुरसत देत नाही. थंडीचा आणि त्याचा संबंध नाही. गाडी चढावर पोचायच्या आधीच तो सुरू होतो आणि ती वर गेली तरी घुमतच राहतो. खिडकी बंद केली तर पहिला आवाज कमी होतो, दुसरा जवळजवळ तेवढाच राहतो. हे मला विचित्र वाटलं, पण मी लिहायचं काम केलं, समजायचं काम तुझं. वाढतोय का? नाही. जानेवारीत होता तसाच आहे, खालच्या पट्टीतला, जाडसर, एकाच वेळी चार-पाच सूर मिसळल्यासारखा. टाकीच्या पोटात काहीतरी सैल असणार असं माझं मत.

आता माझी पंचाईत बघ. काल मंडळाची सभा होती. दंतवैद्य म्हणाले, "ज्या कोणी इंजिनिअरने हे केलं त्याला इथे आणून उभं करायला हवं." मी म्हटलं, "इंजिनिअर बाई असेल कदाचित." ते म्हणाले, "बाई असती तर इतका आवाज झाला नसता."  त्यांची बायको जिन्यात बोलते ते मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं.

मी तुझं नाव घेतलं नाही. पण गप्प बसणं मला जमत नाही, पोटात दुखतं.

आता एकच प्रश्न. त्याला यंत्रं नकोत, साहेब नकोत, फाटे फोडू नकोस. आज, आहे त्या स्थितीत, तू मला त्या गाडीत बसवशील का? हो की नाही?

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

नाही.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून हा एक शब्द मी दोन आठवड्यांपूर्वीच लिहिला होता. लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. आत्याला बसवायचं नसेल तर मग दुसऱ्यांच्या आत्यांना कशी बसवू?

साहेबांकडे गेले. म्हटलं, "उद्घाटन थांबवा. दोन्ही टाक्या खाली काढून आतून तपासायच्या." साहेबांनी विचारलं, "कशाच्या आधारावर?" मी सांगितलं, "एका माणसाने दुसरा आवाज ऐकलाय." "कोणी?" मी म्हटलं, "तिथल्या एका रहिवाशाने." साहेब म्हणाले, "त्या पत्र लिहिणाऱ्या बाई? टायवाल्याकडे त्यांचं एक अख्खं कपाट आहे." मग मला सांगावं लागलं की त्या बाई माझ्या आत्या आहेत. त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली तीत तुला तिसरासुद्धा आवाज ऐकू आला असता.

शेवटी ते तयार झाले. टाक्या उतरवून, तपासून परत बसवायला महिना जाईल. मेमधली शर्यत हुकली. ट्रॅकवाले संतापले आहेत. साहेब जाता जाता म्हणाले, "आत काही सापडलं नाही, तर हे काम तुझ्याकडून जाईल. आणि ती घसरगुंडी भंगारात." तेही आता घसरगुंडीच म्हणतात. तुझी पत्रं पसरली आहेत.

मला भीती वाटतेय, आत्या. आणि तरी बरंही वाटतंय. दोन्ही एकदम.

भिंगरी


१० एप्रिल

प्रिय भिंगरी,

काल मंडळाने माझा सत्कार केला. "आपल्या झुंजार तक्रारींमुळे उद्घाटन थांबलं" म्हणून दंतवैद्यांनी माझ्या हातात फुलांचा गुच्छ दिला. तो इतका मोठा होता की मागे कोण आहे ते दिसत नव्हतं. बरं झालं. माझं तोंड कोणाला दिसायला नको होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला समोर तू दिसत होतीस, त्या साहेबाच्या टेबलासमोर, लहानपणी उभी राहायचीस तशी एका पायावर.

गुच्छ घरी आणला आणि बादलीत ठेवला. फुलदाणीत ठेवण्याच्या लायकीचा नव्हता.

त्यानंतर मी बराच वेळ विचार केला की मी चुकीचं तर ऐकलं नाही? वय झालं आहे. टायवाला भास म्हणाला होता. मग मी स्वतःलाच बजावलं, मूर्खासारखं बोलू नकोस. आवाज होता. पण आता चाचण्या बंद आहेत, खात्री करून घ्यायलाही आवाज नाही. सकाळचे दहा वाजतात आणि बशा गप्प बसतात. मी खिडकीशी जाऊन उभी राहते आणि परत येते. इतकी वर्षं शांतता मागितली, मिळाली तर ती मला खायला उठली आहे.

तुझं काम माझ्यामुळे गेलं तर मी तुझ्या साहेबाला असं पत्र लिहीन की तो कपाट विकत घेईल.

जेवत जा.

आत्या


२४ एप्रिल

आत्या, आत्या, आत्या,

सापडली.

दुसऱ्या टाकीच्या तळाशी, आतल्या बाजूने, पत्रे जिथे जोडले आहेत तिथे भेग आहे. केसाएवढी. बाहेरून ती कोणाला कधीच दिसली नसती आणि यंत्रांनाही कळली नसती, ती इतकी गप्प होती. माणसं बसवून उन्हाळाभर गाडी चालवली असती तर एखाद्या गर्दीच्या दिवशी टाकी पुन्हा फुटली असती, आणि या वेळी गाडीत पाण्याची बाहुली नसती.

भेग मी स्वतः बॅटरी धरून बघितली. नंतर टाकीतून बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. साहेब माझ्या शेजारी बसले, इस्त्रीच्या पँटीसकट. म्हणाले, "तुझ्या आत्या नोकरी करतील का?" मी म्हटलं, "पगार तुम्हाला परवडेल, पत्रं परवडणार नाहीत."

ती टाकी बदलतोय. पहिलीही आतून तपासली, ती स्वच्छ आहे. मेच्या सुरुवातीला चाचण्या पुन्हा सुरू होतील आणि मी स्वतः येतेय. दोन दिवस तुझ्याकडेच राहणार. दंतवैद्यांना सांग किंवा सांगू नकोस, आता मी कोणाला घाबरत नाही.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नाही. इतक्या बारीक भेगेतून आवाज आलाच तर शिट्टीसारखा येईल. तू ऐकलेला घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज त्या भेगेचा असणं अवघड आहे. पण तुझ्या आवाजाने भेग सापडली एवढं खरं. बाकीचं येऊन बघते.

तुझी, दोन्ही पायांवर उभी असलेली,
भिंगरी


१४ मे

प्रिय भिंगरी,

तू आलीस, बरं वाटलं. पण तुझं वागणं मला पटलेलं नाही आणि ते लिहून ठेवते आहे.

पहिल्या दिवशी दहाच्या फेरीला तू चहाचा कप घेऊन बसायच्या खोलीत उभी होतीस. धडाम झालं, मागून दुसरा आवाज झाला. नवी टाकी असूनही झाला, हे लक्षात घे. मी म्हटलं, "ऐकलास?" तू हळूच मान वळवून पियानोकडे बघत राहिलीस. मग कप ठेवलास आणि गुडघ्यांवर बसून पियानोखाली डोकावलीस. मी विचारलं, "काय शोधतेस?" म्हणालीस, "कानातलं पडलं." तुझी दोन्ही कानातली कानांत होती. मोठ्या माणसांना फसवायचं तर निदान एक काढून ठेवायचं.

चारची फेरीही तशीच झाली आणि त्यानंतर तुला एकाएकी माझ्या तक्रारींच्या पेटीची काळजी वाटायला लागली. "तिला हवा लागायला हवी" म्हणून ती फरफटत गॅलरीत नेलीस. तुझी कंबर धरली असती तर मी काय केलं असतं? मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडलास आणि त्या आवाजाआड हसत होतीस. मला ऐकू येत होतं. माझ्यापासून नळाआड कोणी हसू शकत नाही. विचारलं तर म्हणालीस, "ऑफिसातली एक गोष्ट आठवली."

एक मान्य करते. त्या संध्याकाळी तू साहेबांना फोन केलास आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या फेरीला दुसरा आवाज नाहीसा झाला. साफ गेला. चारच्या फेरीलाही नव्हता. एका फोनवर तू तो बंद करून दाखवलास. काय घट्ट करायला सांगितलंस ते मला कळणार नाही, पण काम असं करावं. मंडळाच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की दुसरा आवाज माझ्या भाचीने बंद केला. दंतवैद्यांनी विचारलं, "तुमची भाची?" मी म्हटलं, "हो. बाई आहे. म्हणूनच बंद झाला." टायवाल्यालाही कळवलं आहे की माझा कान तेव्हाही शाबूत होता.

आता फक्त धडाम उरला आहे. त्याच्याशी मी जमवून घेईन.

आत्या


२१ मे

प्रिय आत्या,

हसत होते ते तुझ्यावर नाही. म्हणजे पूर्ण तुझ्यावर नाही. कधीतरी सांगेन.

मार्चमध्ये तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर आता बदललं आहे. जूनच्या शेवटच्या रविवारी शर्यत आहे आणि त्या दिवशी रोलर कोस्टर उघडतोय. पहिल्या फेरीत पहिल्या रांगेतली जागा तुझी. पास माझ्या सहीने पाठवतेय. शेजारच्या जागेवर कोणाला बसवायचं ते तू ठरव, साहेब म्हणतात टायवाला बसायला तयार नाही.

आणि आत्या, पेटी पुन्हा आत आणू नकोस. गॅलरीतच बरी आहे. पियानो उघड. मी पुढच्या वेळी आले की मला ऐकायचाय.

तुझी,
भिंगरी


३० जून

प्रिय भिंगरी,

मी बसले. गर्दीत तू मला हात करत होतीस, पण माझे दोन्ही हात कामात होते. एकाने दांडा धरला होता, दुसऱ्याने दंतवैद्यांना. त्यांनी सुटायच्या आधी स्वतःची कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. एवढ्या वर्षांत मला पत्ता नव्हता.  तो माणूस तेव्हा काही बोलण्याच्या परिस्थितीतच नव्हता.

मग तुझा धडाम झाला. बाहेरून ऐकताना तो जेवढा मोठा वाटतो तेवढा आत वाटत नाही, कारण तो मागे राहतो. माझं पोटही त्याच्याबरोबर मागे राहिलं, ते चढावर परत मिळालं. शेजारून एक लाल मोटार आमच्याबरोबर सुटली होती. आम्ही तिला मागे टाकलं. मागे वळून बघावं असं फार मनात होतं, पण मान वळत नव्हती. वर पोचल्यावर क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि मला भिंतीवरून माझी खिडकी दिसली. आपली खिडकी इतकी लहान दिसते हे मला ठाऊक नव्हतं. मग खाली आलो आणि संपलं.

माझी तक्रार आहे की ते फार लवकर संपतं. माणूस एवढे जिने चढून येतो, रांगेत उभा राहतो, त्याला नीट घाबरायलाही वेळ मिळत नाही. हे मी त्याच संध्याकाळी टायवाल्याला लेखी कळवलं. सही माझी आणि दंतवैद्यांची.

आता पुढचं.

या नव्या तक्रारीची नक्कल ठेवायला मी पेटी आत आणली. तू नको म्हणाली होतीस, पण गॅलरीत ऊन येतं आणि कागद पिवळे पडतात. दंतवैद्यांनी हात लावला. पेटी पियानोखाली तिच्या जागेवर गेली. आम्ही दोघं चहा घेत बसलो. चारची फेरी सुटली. धडाम.

आणि त्याच्यामागून, माझ्या पाठीशी, दुसरा.

दंतवैद्य म्हणाले, "अहो, हा तर तुमच्या पियानोतून आला."

मी त्यांना म्हटलं, "चहा प्या." ते गेल्यावर मी खाली वाकून बघितलं. पेटीचा कोपरा पियानोच्या उजव्या पेडलवर बसला आहे. तो पेडल दाबला की आतल्या सगळ्या तारा मोकळ्या होतात, आणि खोलीत मोठा आवाज झाला की त्या आपोआप घुमू लागतात. हे मी स्वतः वर्षानुवर्षं मुलींना शिकवलं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करून घेतली. पेटी बाजूला, एक आवाज. पेटी पेडलवर, दोन. खिडकी बंद केली तरी दुसरा कमी का होत नव्हता तेही कळलं. तो खिडकीतून येतच नव्हता.

म्हणजे तू कानातलं शोधत नव्हतीस.

 माझ्या तक्रारींच्या वजनाने माझा पियानो कण्हत होता, मी त्याच्याबद्दल आणखी तक्रारी लिहीत होते, त्या पेटीत जात होत्या आणि पेटी आणखी जड होत होती. आणि या आवाजावर तू तुझी नोकरी लावलीस. तुझ्या यंत्रांनी नाही म्हटलं, साहेबाने नाही म्हटलं, आणि तू आत्या म्हणते म्हणून टाकी उघडलीस. हे कोणी माझ्याबाबत आजवर केलेलं नाही. सिस्टरसुद्धा माझं ऐकायच्या, पण आधी दुसऱ्या कोणाला तरी विचारून यायच्या.

तर आता माझं म्हणणं नीट ऐक, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. तुझ्या साहेबाला यातलं काही सांगायचं नाही. टायवाल्याला तर नाहीच. दंतवैद्यांना मी गप्प केलं आहे, त्यांच्या कवळीचं मला माहीत आहे आणि माझ्या पियानोचं त्यांना. माझी तक्रार मी मागे घेत नाही. मी म्हटलं होतं दुसरा आवाज आहे, आणि तो होता. खालच्या पट्टीतला, चार-पाच सूर मिसळलेला, जसा लिहिला तसाच. कुठून येतो ते शोधणं तुमच्या खात्याचं काम होतं.

झाकण उघडलं आहे. काही पट्ट्या बसल्या आहेत, त्या सुटतील. पेटी दंतवैद्यांकडे पाठवून दिली. सकाळी मी वाजवत असते. चारच्या फेरीला मात्र वाजवत नाही, पेडलवर पाय ठेवून नुसती बसते. ती सुटते, आणि माझा पियानो तिला उत्तर देतो. रोज थोडा वेगळा देतो. ये, ऐकायला.

अनेक आशीर्वाद. ते शेवटी देईन असं फेब्रुवारीत म्हटलं होतं, राहूनच गेले होते.

तुझी,
आत्या